वरच्या मजल्यावरच्या पाहुण्याचं वजन

४ एप्रिल

चि. टिल्लू,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तू लाल शाईने ‘अत्यंत गोपनीय’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्यास. पोस्टमनने ते माझ्या हातात देताना आवाज इतका खाली आणला, की शेजारच्या बाई दार उघडून बाहेर आल्या. घरात कुणी फार आजारी आहे का, म्हणून विचारत होत्या.

तुला निघताना तीनदा सांगितलं, आता चौथ्यांदा लिहिते. आपला विभाग पत्रं पाठवतो ती एवढ्याचसाठी, की पाहुणे तारेतून आणि हवेतून जाणारं सगळं ऐकतात. फोन, संगणक, काही सुटत नाही. कागदावरचं मात्र त्यांना ऐकू येत नाही. तेव्हा पत्र घरगुती दिसलं पाहिजे, आत्याने भाच्याला लिहावं तसं. त्यात सोंग आणायचीही गरज नाही. मी तुझी खरीखुरी आत्या आहे आणि ही नोकरी तुला मीच लावली आहे, याचा मला हल्ली रोज सकाळी पश्चात्ताप होतो.

काम पुन्हा सांगते, कारण तुझ्या पत्रावरून ते तुला कळलं आहे असं वाटत नाही. पाहुणे म्हणजे परग्रहावरून आलेले. दिसायला आपल्यासारखे, बोलायला आपल्यासारखे. फरक एकच. घरी निरोप पाठवायचा तर तो त्यांच्या अंगच्या वजनातून जातो. छोटा निरोप अर्ध्या किलोचा, मोठा दोन-तीन किलोंचा. सकाळी एकसष्ट भरलेला माणूस दुपारी साठ भरला, की समजायचं. तुझ्या वरच्या मजल्यावरचा, चष्म्यांचं दुकान चालवणारा चष्मेवाला माझ्या मते त्यांच्यातलाच आहे. त्याने शिंप्याकडून एकाच कापडाच्या तीन वेगवेगळ्या कमरेच्या पँटी शिवून घेतल्या आहेत. म्हणून मी वजनमापे खात्यात नऊ वर्षं काटे तपासलेला माणूस निवडला, म्हणजे तू. दुसरा अर्ज आला नव्हता हे खरं, पण ते बाहेर बोलायचं नाही.

तिथे तुझी बायको म्हणून राहणाऱ्या बाई नाटक कंपनीत बारा वर्षं प्रॉम्प्टर होत्या. ऐकलेलं शब्द न् शब्द त्यांच्या लक्षात राहतं. तू वजनं टिप, त्यांना त्याच्याकडून एखादं कबुलीचं वाक्य काढू दे, आणि हे सगळं अठ्ठावीस जूनच्या आत. त्या दिवशी आढावा समिती बसते आहे. पुरावा नसेल तर विभाग बंद. विभाग म्हणजे मी आणि एक टायपिस्ट.

डोकं धरून बसलेली,
तुझी आत्या


११ एप्रिल

आत्या,

दोन्ही हातांनी नमस्कार, म्हणजे पेन खाली ठेवून. पाकिटाचं लक्षात ठेवलं आहे. या वेळी वर ‘घरगुती’ असं लिहिलं आहे.

आमचं बिऱ्हाड लागलं. दोन खोल्या, एक खिडकी रस्त्यावर, दुसरी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर. जिना एकच आहे आणि तो आमच्या दारावरून वर जातो. दारापुढच्या पहिल्या पायरीशी मी फरशी उचलून काटा बसवला आणि वर पायपुसणं टाकलं. आकडा स्वयंपाकघरातल्या कपाटात दिसतो. वर जाणारा माणूस पायपुसण्यावर पाय दिल्याशिवाय जाऊच शकत नाही. रोज सकाळी मी वीस-वीस किलोंची प्रमाण वजनं ठेवून काटा तपासतो. त्याचा थोडा आवाज होतो. तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, तेव्हा मी व्यायाम करतो असं सांगितलं. त्यांनी माझे दंड बघितले आणि दार लावून घेतलं.

तपासलेल्या काट्याचं प्रमाणपत्र वापराच्या जागी सहज दिसेल असं लावावं, असा नियम आहे. ते मी जिन्याच्या भिंतीवर फ्रेम करून लावलं आहे. चष्मेवाल्यांनी पहिल्याच दिवशी थांबून ते पूर्ण वाचलं. मग पायपुसण्याच्या अगदी मधोमध उभे राहिले, श्वास रोखून. माणूस सहकार्य करणारा आहे.

सकाळी ६१.४, दुपारी ५९.९. पण त्यांच्या हातात चष्म्यांच्या डब्या होत्या आणि डब्यांचं वजन मला माहीत नाही. निव्वळ वजन निघत नसेल तर आकडा बाद धरावा लागतो. दोन्ही आकडे बाद केले.

बाई ठीक आहेत. आम्ही एकमेकांना काय हाक मारायची ते अजून ठरत नाही.

तुझा टिल्लू


१६ एप्रिल

टिल्लू,

पायपुसण्याखाली लपवलेल्या काट्याचं प्रमाणपत्र तू पायपुसण्याच्या वर टांगलंस. दिवे लावलेस. एकोणीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघते आहे तो तुझ्या कपाटात आकड्याने उमटला आणि तू तो डब्यांसाठी बाद केलास.

प्रमाणपत्र आजच्या आज काढ. नियमाचं मी बघते. चष्मेवाल्याला चहाला बोलव, रिकाम्या हाताने येईल असं बघ, आणि बाईंना त्याला बोलता करू दे. तू मधे तोंड घालू नकोस.

आत्या


२ मे

आत्याबाई,

पत्र मी लिहिते आहे, कारण बोलणं माझ्याकडे होतं. ह्यांचा नमस्कार.

प्रमाणपत्र काढलं. चष्मेवाले लगेच दार वाजवून विचारायला आले, की काटा नापास झाला का. हे म्हणाले, नाही, पास आहे. मग परत लावलं, कारण नाहीतर संशय आला असता असं आम्हाला दोघांनाही वाटलं.

चहाला ते रविवारी आले, रिकाम्या हाताने. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ आहेत. बोलता बोलता समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतात, धंद्याची सवय. त्यांनी विचारलं, “तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?” हे म्हणाले सहा. मी त्याच वेळी म्हणाले चार. मधली दोन वर्षं ठरवण्यात गेली असं म्हणून मी सावरलं. त्यावर हे म्हणाले की ठरवायला दोन वर्षं लागलीच नव्हती. मग आमचं थोडं वाजलं. चष्मेवाले खाली मान घालून चहा ढवळत बसले. साखर त्यांनी घातलीच नव्हती.

पुढचं शब्दशः देते. ते म्हणाले, “मी मूळचा...” आणि अडले. आत्याबाई, बारा वर्षं विंगेत पुस्तक धरून बसले आहे. समोरचा माणूस थांबला की पुढचा शब्द माझ्या तोंडून आपोआप जातो. मी हळूच म्हणाले, “इथला नाही.” ते म्हणाले, “इथला नाही. मी आलो...” मी म्हणाले, “फार लांबून.” ते म्हणाले, “फार लांबून. आणि आता परत जाणं...” मी म्हणाले, “जिवावर येतं.” हे वाक्य त्यांनी असं म्हटलं, की कंपनीतल्या कुठल्याच नटाने माझं वाक्य इतकं चांगलं उचललं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, कबुली मिळाली. हे म्हणतात, साक्ष बाद, त्यातले महत्त्वाचे शब्द सगळे तुमचे आहेत. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. तुम्हीच सांगा, चूक कुणाची.

आपली,
(तूर्त) सूनबाई


६ मे

टिल्लू आणि बाई, दोघांनाही,

चूक माझी. तुम्हाला कामावर मी घेतलं.

बाई, तो माणूस अडला होता, तर त्याला अडू द्यायचं होतं. गप्प बसलात तर समोरचा बोलतो, एवढंच या धंद्यातलं शिक्षण आहे, आणि तेवढं तुम्हाला द्यायचं मी विसरले. टिल्लू, लग्न चार वर्षांचं. हे मी लेखी देते आहे.

आता मी एकदाच सांगणार आहे ते ऐका. एकोणीस वर्षांपूर्वी मी विमानतळावर सामान तोलायच्या काउंटरवर होते. एका बाईला चक्कर आली आणि ती माझ्या काट्यावरच बसली. अठ्ठावन्न किलो. मी पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा ती तिथेच होती, डोळे मिटून, ओठ हलत होते, आणि काटा बावन्न दाखवत होता. मी बघत असतानाच तो एक्कावन्नावर आला. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. मी वर कळवलं. काटा तपासला, बरोबर निघाला. मग मला तपासलं. त्यांनी मला हा विभाग दिला तो मी गप्प बसावं म्हणून. कॉरिडॉरच्या टोकाला, रद्दीच्या खोलीला लागून. तेव्हापासून कॅन्टीनमध्ये मी गेले की कुणीतरी विचारतं, “काय बाई, पाहुणे काय म्हणतात?” एकोणीस वर्षं रोज तोच विनोद आणि रोज तेच हसणं. मी म्हातारी झाले त्या विनोदात.

मला बढती नको, सत्कार नको. समितीच्या टेबलावर एक वही ठेवायची आहे आणि म्हणायचं आहे, हे घ्या. एवढं करा माझ्यासाठी.

आत्या


२९ मे

आत्या,

तुझं पत्र आम्ही दोघांनी एकत्र वाचलं. त्यानंतर बोलणं सुरू झालं. लग्न चार वर्षांचं, हेही मान्य केलं.

तीन आठवडे मी गप्प राहून फक्त काम केलं. चष्म्याच्या डब्यांचं वजन मी त्यांच्या दुकानात जाऊन एक डबी विकत घेऊन काढलं. एकूण नव्वद नोंदी, सगळ्या निव्वळ, एकही बाद नाही. आत्या, तू बरोबर होतीस. वजन कमी होतं, दोन आठवड्यांत भरून येतं, पुन्हा कमी होतं. तेवढ्या दिवसांत ते दिवसातून चार वेळा जेवतात.

पण काल वेगळंच झालं. दुपारी दुकान बंद करून ते वर गेले तेव्हा ६१.७. चहाच्या वेळी खाली आले तेव्हा ५५.५. सहा किलो दोनशे ग्रॅम. मी कपाटाच्या दाराला धरून उभा राहिलो. एवढा मोठा निरोप कशाबद्दल असेल? तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला. ते जिन्यातच कोसळले होते. आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत आणलं. उचलायला काहीच लागलं नाही, कपडेच जास्त होते. बाईंनी त्यांना सूप पाजलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्ही दोघं इतकी चांगली माणसं. तुम्ही नक्की करता काय?”

आम्ही त्यांना काही सांगितलं नाही. म्हणजे फारसं नाही.

तुझा टिल्लू


२ जून

टिल्लू,

फारसं नाही म्हणजे किती?

आत्या


५ जून

आत्याबाई,

सगळं.

ह्यांना लिहायचा धीर होत नाही म्हणून मी लिहिते. माणूस पांढराफटक पडला होता आणि त्याने सरळ प्रश्न विचारला होता. ह्यांनी सांगायला सुरुवात केली, “आम्ही इथे तुमच्या...” आणि हेच अडले. मी काय करणार? “पाळतीवर आहोत,” मी म्हणाले.

चष्मेवाल्यांनी सूप खाली ठेवलं. मग ते म्हणाले, “अरेरे. मी तर आत्ताच उलट कळवलं.” पुढे एक शब्द नाही. मी या वेळी खरंच तोंड उघडलं नाही आत्याबाई, तुम्ही सांगितलं होतंत तसं. गप्प बसले. आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे, माणूस बोलतो. ते दीड तास बोलले. त्यात माझा एकही शब्द नाही, हवं तर ह्यांना विचारा.

ते काय बोलले ते मी सांगत नाही, कारण ते स्वतःच तुम्हाला लिहिणार आहेत. पत्ता मागितला, मी दिला. हे चुकलं असेल तर तेही लिहून ठेवा.

आपली सूनबाई


७ जून

माननीय आत्या,

आपण मला ओळखत नाही, अशी सुरुवात मी आधी केली होती. ती खोडली, कारण मला ओळखणाऱ्या आपण एकट्याच आहात.

माझं प्रशिक्षण अकरा दिवसांचं झालं. त्यातले चार दिवस चमचा धरायला शिकण्यात गेले. हे माझं पहिलंच ठिकाण आहे. आम्ही इथे बघायला येतो, बाकी काही करत नाही. आमच्याकडे बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही. माझ्यावर मात्र वेगळं काम होतं. इथे कुणी आमचा शोध घेत आहे का, ते मी बघायचं. लपून राहावं लागेल अशा जागी राहायचं नाही, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. खरोखर शोधणारं एक जरी माणूस सापडलं तरी आम्ही सगळे एका दिवसात निघून जाणार, सगळ्या ठिकाणांहून. आम्ही दीडशेही नाही.

खाली बिऱ्हाड आलं तेव्हा मला संशय आला. मी सात आठवडे निरीक्षण केलं आणि अठ्ठावीस मे रोजी माझ्या वरिष्ठ बाईंना अंतिम अहवाल पाठवला. त्यात लिहिलं, की ही माणसं हेर असणं शक्य नाही. हेर काट्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावत नाहीत, काढलं तर परत लावत नाहीत. हेर पाहुण्यासमोर लग्नाच्या वर्षांवरून भांडत नाहीत. हेर समोरच्याला त्याची वाक्यं पुरवत नाहीत. इथे आमचा शोध कुणीही घेत नाही, मी खात्रीने सांगतो. आमच्या बाई प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागतात, म्हणून अहवाल सहा किलोंच्या वर गेला. त्या तरीही चिडल्या, की एवढ्या साध्या गोष्टीला सात आठवडे कशाला हवेत. त्यांनी तो मंजूर केला. आम्ही राहायचं ठरलं. आणि त्यानंतर तासाभरात मला सूप पाजता पाजता खरं सांगण्यात आलं.

हे मी अजून वर कळवलेलं नाही. आमच्याकडे हा फार मोठा गुन्हा आहे.

मला इथे राहायचं आहे. कारण साधं आहे. एखादं माणूस पहिल्यांदा बरोबर नंबरचा चष्मा लावतं, तेव्हा मी त्याला दुकानाच्या दारात नेतो आणि रस्त्याकडे बघायला सांगतो. समोरच्या झाडाची पानं वेगवेगळी दिसतात, पलीकडच्या फुटपाथवरच्या ओळखीच्या माणसाला चेहरा असतो. मग ते हसतं आणि हसल्याचं त्याला कळतही नाही. हे मी आठवड्यातून तीन-चारदा बघतो. घरी पाठवायला मी हे अनेकदा लिहून बघितलं, पण याचं वजनच होत नाही. ते इथेच बघावं लागतं.

अठ्ठावीस जूनला आपण वही टेबलावर ठेवलीत तर आपलं म्हणणं सिद्ध होईल आणि त्याच दिवशी आम्ही गेलेलो असू. मी आपल्याला दोष देणार नाही. ते खरंच आहे. एकोणीस वर्षं कुणी माझी अशी वाट पाहत असेल, याची मला कल्पना नव्हती.

आपला,
वरच्या मजल्यावरचा


१२ जून

टिल्लू,

मी चार दिवस चष्मेवाल्याच्या पत्राला उत्तर लिहिते आहे आणि फाडते आहे.

गाढवांनो. मी एकोणीस वर्षं वर अर्ज करत होते, की मला हुशार, तयार, अनुभवी माणसं द्या. दिली असती तर पाहुणा पहिल्याच आठवड्यात सावध झाला असता आणि सगळेच्या सगळे निघून गेले असते. तुम्ही दोघं होतात म्हणून तो राहिला. हे मला समितीला सांगता येत नाही, स्वतःला तर मुळीच सांगता येत नाही.

आणि त्याला काय जातं सांगायला, दोष देणार नाही म्हणून. कॅन्टीनमध्ये तो गेलेला नाही. मी गेले आहे.

वही पाठव. मूळ प्रत, रजिस्टरने. समितीत काय करायचं ते माझं मी बघेन. मला कुणी काही सुचवायचं नाही. बाई, तुम्ही तर नाहीच.

आत्या


१९ जून

आत्या,

वही पाठवतो आहे. एकशे पंचेचाळीस नोंदी. पहिल्या नव्वदांवर माझी सही आणि साक्षीदार म्हणून बाईंची. पुढच्या नोंदींवर चष्मेवाल्यांचीही सही आहे. वजन ज्याचं होतं त्याला ते कळलं तर त्याची सही घ्यावी लागते, असा नियम आहे. त्यांना आता कळलेलंच होतं. मी वही पुढे केली, त्यांनी प्रत्येक पानावर केली. हेच पान समितीसमोर गेलं तर आपलं काय होईल हे त्यांना माहीत होतं. सही करताना ते एवढंच म्हणाले, “आकडा बरोबर आहे.”

बाई दोन दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, वही जिन्यात पाण्याच्या बादलीत पडायला काय हरकत होती. आत्या, मी नऊ वर्षांत एकही आकडा खोटा लिहिलेला नाही आणि एकही वही हरवलेली नाही. मला ते जमत नाही. हेर म्हणून मी माती खाल्ली, हे मला कळतं. पण तुला एकोणीस वर्षं कुणी खरं मानलं नाही, आणि तू खरी होतीस याचा कागद माझ्या हातात आहे. तो मी बादलीत टाकला तर मी त्या कॅन्टीनमधल्या लोकांतलाच एक झालो.

वही तुझी आहे. काय करायचं ते तू ठरव.

तुझा टिल्लू


२९ जून

चि. टिल्लू आणि सूनबाई,

काल समिती झाली. तुम्ही दोघं जिन्यात येरझाऱ्या घालत असाल, म्हणून आधी लिहिते. चष्मेवाले कुठेही जाणार नाहीत.

पाच जण होते. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं. माझ्या आधी जिन्यांच्या रंगाचा विषय होता, तो पाऊण तास चालला. वही माझ्या पर्समध्ये, पर्स मांडीवर. टिल्लू, तुझं अक्षर फार नीट आहे. आदल्या दिवशी मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि खूप रडले. वाईट वाटून नाही. कुणीतरी एकशे पंचेचाळीस वेळा मला खरं म्हटलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, “बोला बाई, पाहुणे काय म्हणतात?” बाकीचे चौघं हसले. तेच हसणं. माझा हात पर्सच्या चेनवर गेला. तुम्हाला खोटं सांगत नाही, चेन अर्धी उघडली होती. एका मिनिटात ती पाचही तोंडं बंद झाली असती. आणि मग मला ते दुकानाचं दार दिसलं, जे मी कधी बघितलेलं नाही.

मी म्हणाले, पाहुणे नाहीत. कधी नव्हते. त्या दिवशी मी दमलेले होते, काटा वाचताना माझी चूक झाली आणि पुढे ती कबूल करायची लाज वाटली. विभाग बंद करावा अशी माझीच विनंती आहे. कुणी शोधू नये, शोधण्यासारखं काही नाही. हे सगळं मी उभं राहून, स्पष्ट आवाजात सांगितलं. अध्यक्ष म्हणाले की असं कबूल करायला मन मोठं लागतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने टाळ्यासुद्धा वाजवल्या. एकोणीस वर्षं मी खरं सांगत होते. काल पहिल्यांदा खोटं बोलले आणि पाचांपैकी एकालाही शंका आली नाही.

चीड येते टिल्लू, अजून येते. हे लिहिताना दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले. पण झोप लागली काल, तीही चांगली लागली.

टायपिस्टला दुसऱ्या खात्यात जागा मिळाली. माझं कपाट रिकामं करून झालं, त्यात फारसं काही नव्हतंच. तुम्हा दोघांची नेमणूक अर्थातच संपली. बिऱ्हाड सोडायचं की तिथेच राहायचं, आणि लग्नाचं काय ते, तुमचं तुम्ही बघा. मला त्यात ओढू नका.

मी गुरुवारी दुपारच्या गाडीने येते आहे. चष्मेवाल्यांना सांग, शुक्रवारी सकाळची वेळ माझ्यासाठी मोकळी ठेवा. डोळे तपासायचे नाहीत. मला नुसतं समोर बसून त्यांच्याकडे बघायचं आहे.

तुझी आत्या